पाचवा वास

आमच्या घरात एक काम असं आहे की त्यावरून कधी भांडण झालं नाही. भांड्यांवरून झालं, गच्चीवरच्या टाकीवरून झालं, कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून तर दर उन्हाळ्यात होतं. पण मुलीचे कीपिंगचे ग्लोव्हज कोणी धुवायचे, यावर पहिल्या दिवसापासून घराचं एकमत होतं. मी धुवायचे. कारण मला वास येत नव्हता.

माझी मुलगी क्रिकेट खेळते. जिल्ह्याच्या मुलींच्या संघात ती यष्टिरक्षक आहे, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत कीपर. यवतमाळच्या उन्हात कीपर असणं म्हणजे काय, हे स्टंपमागे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. हातात आधी सुती मोजे घालायचे, त्यांना ती इनर म्हणते. त्यावर कातडी ग्लोव्हज, तळव्याला जाड रबर. त्यात हात दुपारभर शिजतात. मग ते सगळं ओलं ओलं किटबॅगमध्ये कोंबायचं. सोबत पॅड, हेल्मेट, घामाचा टॉवेल आणि हमखास एक अर्धं खाल्लेलं केळं. वरून चेन लावायची, ती बॅग स्कुटीवर पायाशी ठेवायची आणि रमतगमत घरी यायचं.

"या बॅगेचा पंचनामा केल्याशिवाय घरात नको घेऊ," असं माझा नवरा म्हणायचा आणि नाकाला रुमाल लावून आत पळायचा. मी बॅग उघडायचे. मला काहीच व्हायचं नाही.

पूर्वी मी अशी नव्हते. माझं नाक म्हणजे घरातली दहशत होती. वरण लागायच्या आधी मला कळायचं की ते लागणार आहे. कचेरीत डबे उघडायच्या आधी मी सांगायचे, आज कोणाकडे मेथी आहे आणि कोणाची कालची आहे. नवरा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. तो येताना कोपऱ्यावर भजी खाऊन आला की मी दारातच ओळखायचे आणि त्याला जेवायला अर्धीच पोळी वाढायचे. नाकावर राग असतो म्हणतात, माझ्या नाकावर राग आणि गर्व दोन्ही होते.

मग एकदा ताप आला. साधा व्हायरल होता, गोळ्या घेतल्या, उतरला. जाताना वास घेऊन गेला. सर्दी गेल्यावर येईल असं सगळे म्हणाले. सर्दी गेली आणि वास काही आला नाही.

हे दुखणं कोणाला सांगण्यासारखं नसतं. हात मोडला तर लोक प्लास्टर पाहून विचारतात. नाक जागेवर दिसतं, म्हणून कोणाला काही वाटत नाही. दूध उतू जाऊन जळलं तरी मी शेजारच्या खोलीत निवांत बसलेली असायचे. गॅसची मला धास्तीच बसली, झोपायच्या आधी बटण पुन्हा पुन्हा बघून यायचे. कचेरीत निघताना वाटायचं, आपल्या अंगाला वास तर येत नसेल ना, आणि मग परत जाऊन साडी बदलायची. स्वयंपाक सवयीने व्हायचा, पण जेवण म्हणजे नुसतं गरम, गार, तिखट, खारट. त्यात मजा नव्हती.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. एका दुपारी मुलगी लहानपणीसारखी माझ्या कुशीत येऊन झोपली. मी तिच्या केसांत नाक घातलं. तिच्या डोक्याचा एक वास होता, तान्ही होती तेव्हापासूनचा, तेलाचा आणि तिचा मिळून. तो नव्हता. केस गालाला लागत होते, ती तिथे होती, आणि तरी कोणीतरी तिला काचेपलीकडे ठेवल्यासारखं वाटलं. तेव्हा मी खूप घाबरले. हा वास आपल्याला परत कधीच मिळाला नाही तर, असं मनात आलं आणि मग ते जाईना.

नाक-कान-घशाचे डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, नाकाला व्यायाम द्या. चार डब्या करा, लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाब. सकाळ-संध्याकाळ हुंगा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करा. कोणाचा महिन्यात येतो, कोणाचा दोन वर्षांत येतो. मी विचारलं, कोणाचा येतच नाही का? ते म्हणाले, तसंही होतं. मी काही दिवस डब्या हुंगल्या. चार रिकाम्या डब्या हुंगल्यासारखंच ते होतं. शेवटी लवंगा मसालेभातात घातल्या आणि डब्या फडताळात ठेवून दिल्या.

मुलीने कीपिंग सुरू केलं ते या तापाच्या नंतर. म्हणजे तिच्या ग्लोव्हजचा वास मी कधी घेतलेलाच नव्हता. सगळ्यांनी घेतला होता, शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून घेतला होता, फक्त मी सोडून.

काम मात्र मी मन लावून शिकले. पहिल्यांदा मी ते सरळ बादलीत बुडवायला निघाले तर पोरगी किंचाळली. "आई, पाण्यात नाही वो टाकाचे! कडक होते ना मंग! बॉल टप्पा खाऊन बाहेर जाते." तिच्या सरांनी नियम सांगितले होते. इनर रोज धुवायचे. ग्लोव्हज बाहेरून ओल्या फडक्याने पुसायचे. आतून व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं फडकं बोटाबोटांत घालून फिरवायचं. मग वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, आणि रात्री जुन्या रुमालात खायचा सोडा बांधून आत ठेवायचा. उन्हात कधीच ठेवायचे नाहीत, कातडं तडकतं. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे.

मागच्या दारी मोरीच्या पायरीवर बसून मी हे करायचे. मला वास येत नसल्यामुळे मी बोटांनी बघायला शिकले. आत चिकट लागलं की अजून आहे, बोट कोरडं सरकलं की झालं. पोरगी माझ्या एक पायरी खाली बसून नाक दाबून, त्या गेंगाण्या आवाजात, कोणी कसा झेल सोडला ते सांगायची. खरं सांगू, ती वेळ मला आवडायला लागली होती. तिच्या वयाच्या मुली आयांजवळ बसत नाहीत. माझी बसत होती, कारण ग्लोव्हज माझ्या हातात होते.

मागच्या मे महिन्यात मात्र घोटाळा झाला.

सावलीत आणि वाऱ्यावर, हे सरांनी सांगितलं ते बरोबर असेल, पण मे महिन्यात आमच्याकडे सावली असते तिथे वारा नसतो, आणि वारा असतो तो झळांचा. दुसऱ्या दिवशी मुलीची मॅच होती आणि ग्लोव्हज आतून दमटच होते. मी घरभर फिरले. मग मला सुचलं, आपल्या घरात सावली आणि वारा एका ठिकाणी आहे. कूलरच्या मागे. आमचा कूलर बैठकीच्या खिडकीबाहेर बोळात स्टँडवर आहे, वर पत्रा आहे. तो मागच्या जाळीतून हवा ओढतो, हे तर लहान मूल पण सांगेल. मी ग्लोव्हज, इनर आणि पॅड कपड्यांचे चिमटे लावून कूलरच्या मागच्या जाळीवर रांगेत टांगले, कूलर फुल्लवर केला आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन बैठकीत गार हवेत वाचत बसले. चांगली तास-दीड तास बसले असेन.

तेवढ्यात नवरा आला. सोबत त्याची मोठी बहीण. माझ्या नणंदबाई कळंबला राहतात, दवाखान्याच्या कामाने आल्या होत्या आणि हा त्यांना एसटी स्टँडवरून घेऊन आला होता. उन्हातून आलेलं माणूस आमच्याकडे आधी कूलरपुढे बसतं, मग बोलतं. त्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. पदर नाकाला लावला.

"अवं बाप्पा! काय मेलं वो घरात?"

"काहून बाई? काय झालं?" मी पुस्तक बाजूला ठेवत विचारलं.

"उंदीर," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "कूलरमंदी उंदीर मेला."

मी कूलरसमोर उभी होते. गार हवा माझ्या तोंडावर येत होती आणि मला ती फक्त गार लागत होती. त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते माझ्या आजूबाजूला होतं, माझ्यावरून वाहत होतं, आणि मी त्यात नव्हते. ग्लोव्हज मागे आहेत हे माझ्या अजून डोक्यातही आलं नव्हतं, कारण माझ्या लेखी ते धुतलेले होते. पण रोज धुतलं तरी पॅडच्या आतल्या फोमचं काही होत नाही, हे मला नंतर समजलं.

नवरा काठी घेऊन बोळात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काठीच्या टोकाला एक ग्लोव्ह लटकत होता.

"हा पाह्य उंदीर."

नणंदबाईंनी ग्लोव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आन तू इथी बसून होती? तुले वास नाही आला?"

सासरच्यांना मी काही सांगितलं नव्हतं. सगळ्या खानदानात ज्या सुनेच्या नाकाची ख्याती, तिने जाऊन सांगायचं की मला आता वरण लागलेलं कळत नाही? माझ्याने ते झालं नव्हतं. नवऱ्यानेही माझ्यासाठी तोंड मिटून ठेवलं होतं. पण आता काय लपवणार. मी सांगून टाकलं.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीले म्या तुह्यासाठी काळा मसाला कुटून आणला, तू डबा उघडला, हुंगला, आन काहीच नाही बोलली, थे याच्यामुळं?"

"हो बाई."

"आन मले वाटलं, हिनं माह्या मसाल्याले नाक मुरडलं. कळंबपर्यंत मी रडत गेली वो एसटीत."

मला फार वाईट वाटलं. त्यांनी मला हाताला धरून पलंगावर बसवलं, पदर अजून नाकालाच होता. "मंग सांगाचं ना! परकी समजली का मले?" असं त्या पदराआडून रागावल्या, आणि मग त्या अवतारात आपण कशा दिसतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या हसायला लागल्या. मीही हसले. नवऱ्याने कूलर बंद केला आणि आम्ही तिघं घामाघूम होऊन चहा प्यायलो.

संध्याकाळी मुलगी ग्राउंडवर नुसती धावून आली आणि तिला सगळं कळलं. "माह्ये ग्लोव्हज कूलरले लटकवले?" म्हणून आधी तिने आकांत केला. मग हात घालून पाहिला. "पण वाळले मस्त." ती ग्लोव्हकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "आई, तुह्या त्या डब्या कुठी हायेत?"

"कायले पायजे?"

"त्या डब्यात काही दम नाही. लवंगीचा वास काय वास हाये? याच्यापेक्षा स्ट्राँग आपल्या घरात काही हाये का, सांग बरं?" आणि तिने ग्लोव्ह उलटा करून माझ्या नाकापुढे धरला. "हे पाचवी डबी. घे."

"पोरी, काहीतरीच काय!" नणंदबाई ओरडल्या. पण मी हुंगला. काहीच नव्हतं. रबराचा गारवा नाकाला लागला तेवढाच.

तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. फडताळातून चारी डब्या निघाल्या, नव्या लवंगा भरल्या. संध्याकाळी ग्राउंडवरून आली की ती हातपाय धुवायच्या आधी ग्लोव्ह माझ्या नाकाला लावायची. "आला?" "नाही." "उद्या येईन," असं म्हणून ती बॅग माझ्या हवाली करायची. पाऊस गेला, नवरात्र गेलं. मी आशा सोडली होती, पण तिला तसं सांगवत नव्हतं. तिला मॅच हरल्यावर पण उद्या असतो. मला तिचा हेवा वाटायचा.

हिवाळ्यात कापसाचा हंगाम सुरू झाला. या दिवसांत जिनिंगमधल्या धुळीने माझ्या नवऱ्याचं नाक चोंदून जातं आणि तो घरी येऊन दर मिनिटाला शिंकतो. त्याच सुमारास मुलगी बाहेरच्या जिल्ह्यात मॅच खेळून आली. संघ हरला होता. महत्त्वाचा झेल हिच्या हातून सुटला होता. आल्या आल्या तिने बॅग मोरीत फेकली, कोणाशी बोलली नाही, ग्लोव्ह माझ्या नाकाला लावायलाही आली नाही. बॅग तशीच बंद पडून राहिली. रविवारी सुट्टी होती म्हणून मी मागच्या पायरीवर बसून ती उघडली.

चेन सरकवली आणि मला एकदम कसंतरी झालं. नाकाच्या मुळाशी चुणचुणलं. मला वाटलं शिंक येते आहे. मग घशाशी काहीतरी आंबट, कुबट आलं आणि मी तोंड फिरवलं. मी उठले, इकडेतिकडे पाहिलं, वॉशिंग मशीनच्या मागे वाकून पाहिलं.

"अवो, इकडे या जरा," मी आत ओरडले. "मोरीत उंदीर मेला वाटते."

नवरा टॉर्च आणि काठी घेऊन आला. मशीनखाली टॉर्च मारला, बादल्या हलवल्या, नाक वर करून दोन-तीनदा हुंगलं आणि जोरात शिंकला.

"मले तं काहीच नाही येत वो."

"तुमचं नाक चोंदलं आहे. इतकी घाण सुटली आहे आणि म्हणे येत नाही! त्या जाळीजवळ पाहा."

तो जाळीजवळ पाहत होता. मी पदर नाकाला लावून उभी होते. आवाज ऐकून मुलगी दारात आली, रुसलेलीच, केस पिंजारलेले. तिने बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराकडे, माझ्या दुसऱ्या हातातल्या ओल्या इनरकडे.

"आई," ती हळूच म्हणाली, "उंदीर नाही वो."

"मग काय आहे?"

"आई, तुले वास येऊन राह्यला."

मला खरंच कळलं नव्हतं. माणसाला वास येतो तेव्हा तो वास येतोय असं म्हणत नाही, काय मेलं असं म्हणतो. मी हातातला इनर नाकाशी नेला आणि मला भडभडून आलं, मळमळीने आणि रडण्याने, दोन्हीने एकदम. नवरा काठी टाकून माझ्याजवळ आला. मुलीने सुटलेला झेल, रुसवा, सगळं सोडून तिथेच मोरीत उड्या मारायला सुरुवात केली. "काकू! आईले घाण वास येऊन राह्यला!" असं तिने भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं. काकूंनी काय समजून घेतलं देव जाणे.

मग तिने घर धुंडाळलं. लवंगेची डबी आणली. काही नाही. लिंबाची साल, गुलाब, काही नाही. निलगिरी, थोडं थंड वाटलं, वास नाही. काळ्या मसाल्याचा डबा उघडून धरला, त्याचाही नाही. फक्त त्या बॅगेचा येत होता. जगात एवढे वास आहेत आणि माझ्या नाकाने परत यायला नेमका हा निवडला. फोनवर नणंदबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मसाल्याचा बी येईन," त्या म्हणाल्या. "संपवजो नोको, माह्यासाठी ठेव."

नवऱ्याने बाह्या वर केल्या आणि बॅगेला हात घातला. "आण. आजपासून मी धुतो. माह्यं नाक तसंही बंद हाये, आन तुले आता तरास होईन."

त्याने हे मनापासून म्हटलं होतं. ज्या कारणाने ते काम माझ्याकडे आलं, ते कारण संपलं होतं. पण मी बॅग त्याच्या हातातून काढून घेतली.

"द्या इकडे. मीच धुणार."

मी पायरीवर बसले आणि ग्लोव्हमध्ये व्हिनेगरचं फडकं घालून बोटाबोटांत फिरवू लागले. घाण येत होती, अगदी मनसोक्त. मुलगी नेहमीसारखी एक पायरी खाली येऊन बसली, माझ्या गुडघ्याला टेकून, आणि तो झेल कसा सुटला ते अखेर सांगायला लागली. मी ऐकत होते. ऐकता ऐकता मी वाकले आणि तिच्या केसांत नाक घातलं. ती बोलायची थांबली.

तेलाचा वास नव्हता. तान्ह्या बाळाचाही नव्हता. हेल्मेटच्या अस्तराचा होता, आंबलेल्या घामाचा, उन्हाचा, आणि त्याच्या खाली अगदी थोडा, पण होता, तिचा.

"आला?" तिने मान न वळवता विचारलं.

मी अजून एकदा हुंगलं. मग मी म्हणाले, "डोकं धू आधी. किती दिवस झाले?"

ती उठली नाही. डोकं तिने तिथेच ठेवलं.